गुलाबी रविवार आणि रानातला माणूस



या व्याख्यानमालेला सगळ्या धर्मांचे लोक येतात, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती पंचांगात स्वतंत्र काळ म्हणून पाळले जातात. आपल्याकडे त्याला आगमनकाळ म्हणतात. चर्चचं नवं वर्ष जानेवारीत नव्हे, इथूनच सुरू होतं. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी होतात, वेदीवरची सजावट उतरते, रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे उपासनेतलं, 'ग्लोरिया' स्तोत्र थांबतं. लग्नं सहसा नाताळनंतरच धरतात. मग तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रं येतात, वेदीवर फुलं दिसतात आणि हिरव्या पानांच्या कड्यात गुलाबी मेणबत्ती पेटते. या रविवाराचं जुनं लॅटिन नाव 'गाउदेते', म्हणजे आनंद करा. पौलाने कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीला जे पत्र लिहिलं, त्यातून हे नाव आलं आहे.

आज मी या एकाच रविवाराबद्दल बोलणार आहे. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, ऐकताना मला लहानपणापासून एक कोडं पडत आलं आहे. आनंदाचा रविवार म्हटल्यावर देवदूत यावेत, मेंढपाळ यावेत, निदान मरियेने अलीशिबेच्या घरी गायिलेलं स्तोत्र तरी यावं. पण शुभवर्तमानात उभा राहतो तो उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा, धर्माच्या ठेकेदारांना सापाची पिल्लं म्हणणारा, येशूच्या आधी आलेला संदेष्टा योहान बाप्तिस्ता.

हा योगायोग नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, कॅथलिक चर्चने मिस्सेतल्या वाचनांची नव्याने मांडणी केली. एक वर्ष मत्तयाच्या शुभवर्तमानाचं, एक मार्काच्या, एक लूकाच्या, असं तीन वर्षांचं चक्र ठरलं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या १९९२ पासून जो सामायिक वाचनक्रम वापरतात, तोही याच घडणीचा आहे. या चक्रात तिन्ही वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी योहानच येतो, फक्त दर वर्षी त्याच्या आयुष्यातला वेगळा प्रसंग घेऊन. एका वर्षी तो नदीकाठी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. एका वर्षी यरुशलेमहून आलेल्या चौकशी पथकापुढे उभा राहतो. आणि एका वर्षी तो तुरुंगात असतो.

इतका कडक माणूस आनंदाच्या दिवशी का, याचं उत्तर या तीन प्रसंगांत आहे असं मला वाटतं. आगमनकाळाला अभिप्रेत असलेला आनंद ही मनाची लहर नाही. ती एक वागण्याची रीत आहे, आणि ती शिकवायला योहानासारखाच गुरू हवा.

हा काळ मुळात कसा होता, हेही थोडक्यात पाहू. इ. स. ३८० मध्ये स्पेनमधल्या सारागोसा इथे भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत कोणी चर्चला गैरहजर राहू नये असं सांगितलं. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या टूर्सच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला. मिलान शहरात आजही आगमनकाळ सहा आठवड्यांचा असतो. केरळातले सीरियन ख्रिस्ती डिसेंबरमध्ये पंचवीस दिवसांचा नोंब, म्हणजे व्रतस्थ उपास, पाळतात. सारांश, नाताळच्या आधी पोट आणि मन दोन्ही रिकामं ठेवायची जुनी रीत आहे. गुलाबी रविवार त्या उपासाच्या मधोमध येतो. उपास सुटलेला नसतो, बाळ जन्मलेलं नसतं, आणि तरीही आनंद करा म्हणून सांगितलं जातं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. वारकरी पंढरपूरला पोहोचल्यावर नाचायला सुरुवात करत नाही. तो वाटेवर, रिंगणात, पावसात भिजत नाचतो, आणि कळस दिसायच्या कितीतरी आधी नाचतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्या पुलावरून येताना टिळकांनी वाटेवरचा हा आनंद सोबत आणला, असं मला त्यांची भजनं गाताना नेहमी वाटतं.

दुसरा अंगरखा

पहिला प्रसंग लूकाचा. यार्देनेच्या काठी गर्दी जमली आहे. योहान न्यायाच्या दिवसाबद्दल बोलतो, झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे असं बजावतो. लोक घाबरतात आणि विचारतात, मग आम्ही काय करावं? हा प्रश्न तीनदा येतो. आधी सर्वसाधारण लोक विचारतात, मग जकातदार, मग शिपाई.

उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याजवळ नाही त्याला द्यावा. अन्नाचंही तसंच. जकातदाराने ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने दमदाटी करू नये, कोणावर खोटा आळ घेऊन पैसे उकळू नयेत, आणि आपल्या पगारात भागवावं.

त्या काळी जकातवसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारचा भरणा करून मोकळा होई आणि मग लोकांकडून वसूल करताना जेवढं जास्त निघेल तेवढं त्याचं. म्हणजे जास्त घेणं हा त्या धंद्यात अपवाद नव्हता, धंदाच त्यावर चाले. योहान त्याला मक्ता सोड म्हणत नाही, रानात येऊन टोळ खा असंही म्हणत नाही. त्याच नाक्यावर, त्याच पाटावर बसून सरळ वाग, एवढंच सांगतो. स्वतः सगळं सोडून रानात राहिलेला माणूस दुसऱ्यांना मात्र घरी परत पाठवतो. त्याने सांगितलेलं प्रत्येक काम लहान आहे, आणि आज संध्याकाळपासून सुरू करता येण्यासारखं आहे.

याच दिवशी सफन्या संदेष्ट्याचं जे वाचन होतं, त्यात देव आपल्या लोकांवरून हर्षभरित होतो, त्यांच्यासाठी गातो, असं वर्णन आहे. हे दोन्ही उतारे एकत्र वाचले की काही जणांना शंका येते: सगळा आनंद कर्तव्यात गुंडाळून टाकला की काय? चांगलं वागलो तरच देव येणार, असं तर सांगायचं नाही ना? तसं नाही. क्रम उलटा आहे. देव येतो आहे आणि तो आनंदाने येतो आहे, हे आधी. अंगरखा त्यानंतर सुटतो. ज्याच्या घरी पाहुणा येणार असतो तो अंगण झाडतो, पण झाडलं म्हणून पाहुणा येतो असं कोणी मानत नाही.

आगमनकाळाचं सगळ्यांत ओळखीचं चिन्ह म्हणजे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं. त्याची गोष्ट याच अंगरख्याची आहे. योहान हिन्रिख विखर्न हे जर्मनीतल्या हॅम्बर्गचे लुथरन धर्मशास्त्री. शहरातल्या गरीब वस्त्यांत भटकणाऱ्या, घरदार तुटलेल्या मुलांसाठी त्यांनी १८३३ साली 'राउहेस हाउस' नावाचं घर सुरू केलं. ते बराकीसारखं ठेवायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. सुमारे बारा मुलांचा एक गट, त्याच्याबरोबर राहणारा एक मोठा सोबती, अशी कुटुंबं त्यांनी तिथे रचली आणि मुलांना हाताला काम शिकवलं. नाताळला किती दिवस उरले, हा मुलांचा रोजचा प्रश्न. १८३९ साली विखर्न यांनी एक लाकडी चाक टांगलं. त्यावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवली. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार बरोबर १ डिसेंबरला आला होता. हिरवी पानं पुढे जोडली गेली, मेणबत्त्या चारच उरल्या, आणि आज हे कडं मॉलमध्ये प्लॅस्टिकचं मिळतं. बाजाराला नावं ठेवण्यात मला वेळ घालवायचा नाही. एवढंच लक्षात असू द्यावं, की ज्यांच्या घरी नाताळ होणारच नव्हता अशा मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून ते पेटलं.

आपल्या महाराष्ट्रात हाच अंगरखा केडगावला दिसतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू अनवाणी, उपाशी देशभर फिरले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा मुंबईला शारदा सदन काढून पुण्याला आणलेल्या रमाबाई स्वतः त्या भागात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. ज्यांना अंगावर धड लुगडं नव्हतं त्या मुली तिथे स्वतः माग चालवायला शिकल्या. एका अंगरख्याची वाटणी इथवर येते.

मी तो नव्हे

दुसरा प्रसंग चौथ्या शुभवर्तमानातला. मार्काचं शुभवर्तमान आखूड असल्यामुळे त्या वर्षी या रविवारी योहान याच नावाच्या, पण वेगळ्या, लेखकाच्या शुभवर्तमानाची मदत घेतात. यरुशलेमहून याजक आणि लेवी चौकशीला आले आहेत. तू कोण? तू मसीहा आहेस का? एलिया आहेस का? तो संदेष्टा आहेस का? योहान प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि त्याची उत्तरं दर वेळी आणखी आखूड होत जातात. मागाहून येणाऱ्याच्या पायतणाचा बंद सोडायचीही आपली योग्यता नाही, असं तो सांगतो.

लोक त्याच्याभोवती गोळा होत होते. नुसतं गप्प बसला असता तरी त्याला मसीहा मानायला माणसं तयार होती. अशा वेळी नाही म्हणणं फार कमी पुढाऱ्यांना जमतं. पण त्याचं खरं मोठेपण पुढच्या एका प्रसंगात दिसतं. शिष्य तक्रार घेऊन येतात की सगळे आता त्या दुसऱ्याकडे, येशूकडे चालले आहेत. तेव्हा योहान स्वतःला नवरदेवाचा मित्र म्हणवतो, नवरदेवाचा आवाज ऐकून माझा आनंद पुरा झाला असं सांगतो, आणि आता त्याने वाढावं, मी कमी व्हावं, असं म्हणतो. कडक समजला जाणारा हा माणूस आनंदाची भाषा बोलतो ती इथे. लूकाच्या कथेत तर तो आईच्या पोटात असतानाच आनंदाने उडी मारतो. म्हणजे त्याच्या आयुष्याची सुरुवातच हर्षाने आहे, आणि तो हर्ष कायम दुसऱ्या कोणाच्या तरी येण्याचा आहे.

मराठी भाषेत या वाट पाहण्याला चारशे वर्षांचा इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे सदस्य. उरलेलं आयुष्य त्यांनी इथेच काढलं. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात, राशोल इथे छापलं गेलं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, आणि ऐकायला तसंच काहीतरी हवं होतं. स्टीफन्स यांनी ते त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या ओवीत दिलं. या ग्रंथात १०,९६२ ओव्या आहेत. त्यांतल्या ४,१८१ पहिल्या भागात, म्हणजे पैल्या पुराणात आहेत. जगाच्या निर्मितीपासून संदेष्ट्यांपर्यंत सगळी कथा तिथे येते, आणि तारणाऱ्याचा जन्म दुसऱ्या पुराणात. म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग ख्रिस्ताच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला आहे. हे पुराण रविवारी आणि सणांना देवळात वाचलं जाई. ऐकणाऱ्यांना बाळ भेटायच्या आधी चार हजार ओव्या धीराने ऐकाव्या लागत.

आणि हे सगळं करताना तो इंग्रज माणूस स्वतः किती मागे सरला आहे! ग्रंथात त्याचं विल्टशरमधलं गाव नाही, लंडन नाही. दिसते ती इथली झाडं, इथली फुलं, इथली बोली. कमी होण्यातला आनंद काय असतो, याचं उदाहरण मराठी साहित्यात शोधायचं झालं तर मी या ग्रंथाकडे बोट दाखवीन.

तुरुंगातला प्रश्न

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड आहे. हेरोदाने योहानाला तुरुंगात टाकलं आहे. मृत समुद्राच्या पूर्वेला माखेरूस नावाचा किल्ला होता, तिथे तो कैदेत होता असं इतिहासकार जोसीफस सांगतो. तिथून योहान येशूकडे माणसं पाठवतो: येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी?

ज्याने नदीकाठी बोट दाखवून ओळख करून दिली, त्यालाच आता शंका आली आहे. आणि चर्च हा उतारा आनंदाच्या रविवारी वाचतं! मला यात मोठा दिलासा वाटतो. शंका आली म्हणून माणूस आनंदातून हद्दपार होत नाही.

येशूचं उत्तरही पाहण्यासारखं आहे. तो होय म्हणत नाही. जे पाहता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा, असं म्हणून तो कामांची यादी देतो. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता मिळते. ही यादी यशयाच्या वचनांतून घेतलेली आहे. पण यशयाच्या एका वचनात बंदिवानांची सुटकाही आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूने तेच वचन वाचून दाखवलं, असं लूक सांगतो. तुरुंगातल्या योहानाला पाठवलेल्या निरोपात मात्र नेमकी सुटका नाही. ती गाळलेली ओळ योहानाच्या लक्षात आली असणारच. पुढे त्याचा शिरच्छेद झाला.

म्हणून आगमनकाळाबद्दलचं विसाव्या शतकातलं काही महत्त्वाचं लेखन तुरुंगातून आलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. लुथरन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर एप्रिल १९४३ पासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. त्या नोव्हेंबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोठडीची आणि आगमनकाळाची सांगड घातली: माणूस वाट पाहतो, इकडचं तिकडचं काहीबाही करतो, पण दाराला कुलूप आहे आणि ते फक्त बाहेरूनच उघडतं. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली गेली. त्याच टेगेलमध्ये १९४४ च्या डिसेंबरात जेझुइट फादर आल्फ्रेड डेल्प बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळाची चिंतनं लिहीत होते. ते कागद धुण्याच्या कपड्यांत लपवून बाहेर जात. ८ डिसेंबरला, ऐन आगमनकाळात, त्यांनी तुरुंगातच आपली अखेरची व्रतं घेतली. तिसऱ्या रविवारच्या चिंतनाला त्यांनी आनंदाचाच विषय घेतला. २ फेब्रुवारी १९४५ रोजी प्लेट्झेनझे इथे त्यांना फाशी झाली.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. २०२० चा आगमनकाळ त्र्याऐंशी वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींनी नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहात काढला. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम केलेले हे जेझुइट एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबरमध्ये अटकेत गेले होते. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला धरता येत नसे. सोबतचे कैदी त्यांना खाण्यापिण्यात मदत करत, आणि बाहेर पाठवलेल्या पत्रांत ते त्याच गरीब कैद्यांबद्दल लिहीत. ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांच्या राजकीय भूमिकांबद्दल या सभागृहात मतभेद असतील. पण योहानाचा उतारा वाचायचा आणि आपल्याच राज्यातल्या तुरुंगाचं नाव घ्यायचं नाही, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

धीर कोणी धरायचा?

ज्या वर्षी योहानाचा तुरुंगातला प्रसंग वाचतात, त्याच वर्षी या रविवारी याकोबाच्या पत्रातलाही एक उतारा वाचतात. शेतकरी जसा आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो, तसा तुम्हीही धीर धरा, असं त्यात म्हटलं आहे. हा उतारा पाचव्या अध्यायाच्या सातव्या ओळीपासून सुरू होतो. घरी जाऊन चौथी ओळही वाचा. ज्या कामकऱ्यांनी शेतं कापली त्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली आहे, ती मजुरी ओरडते आहे आणि तिचा आवाज देवाच्या कानी गेला आहे, असं याकोब तिथे श्रीमंतांना बजावतो.

म्हणजे धीर धरा हे ज्याची मजुरी अडकली त्याला सांगितलं आहे. ज्याने अडकवली त्याला धीराचा उपदेश नाही, त्याला इशारा आहे. आपण हे वाक्य बरेचदा चुकीच्या तोंडून ऐकतो. देणेकरी घेणेकऱ्याला श्रद्धेचा सल्ला देतो. गरिबाने वाट पाहावी असं सुखवस्तू माणूस सांगतो. आगमनकाळाच्या शांत संगीतात हे सहज खपून जातं, म्हणून योहान हवा. तो मध्येच उभा राहतो आणि तुझ्याकडे अंगरखे किती, असं विचारतो.

बाराव्या शतकातले संत बर्नार्ड ख्रिस्ताची तीन आगमनं मानत. एक बेथलेहेममधलं, होऊन गेलेलं. एक अखेरचं, अजून व्हायचं. आणि एक मधलं, गुपचूप, रोज होणारं. पहिल्या आगमनाची आपण आरास करतो, शेवटच्याची भीती बाळगतो. माणसाचा कस लागतो तो मधल्या आगमनात, कारण तिथे देव अनोळखी चेहऱ्याने येतो. त्याला ओळखायची सवय लागावी म्हणून हे चार आठवडे आहेत.

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बिबिंका यांचं कुसवार ताटात घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवतात, आणि ते घर कोणत्या धर्माचं आहे हे कोणी पाहत नाही. ही चांगली रीत आहे, ती टिकावी. पण ताट पोहोचवण्याआधी प्रत्येकाने योहानाच्या श्रोत्यांसारखं आपापल्या धंद्याचं नाव घेऊन विचारावं, मी काय करावं? जकातदाराने जकातीबद्दल विचारलं, शिपायाने शिपाईगिरीबद्दल. आपल्यात बांधकामाचे ठेकेदार आहेत, शिक्षणसंस्थांचे चालक आहेत, दुकानदार आहेत, सरकारी नोकर आहेत, घरी मोलकरीण ठेवणारे तर बहुतेक सगळेच आहेत. कोणाच्या तरी कामाचे पैसे कुठेतरी अडलेले असतात. बिल मंजूर व्हायचं असतं, सही राहिलेली असते, सुट्टीचा दिवस कापलेला असतो.

पुढच्या आगमनकाळात, गुलाबी मेणबत्ती पेटण्याच्या आत, ते पैसे देऊन टाका. चर्चमध्ये न जाणाऱ्या श्रोत्यांनाही हे करायला काही हरकत नसावी. योहानाने आपल्या श्रोत्यांना जात-धर्म विचारला नव्हता, त्यांचा धंदा मात्र त्याला ठाऊक होता. आणि गुलाबी रविवारचा आनंद आपल्याला जमतो की नाही, हे मिस्सेतल्या गाण्यांवरून कळणार नाही. ते आपल्याकडून मजुरी घेऊन घरी गेलेल्या माणसाला कळेल. त्यालाच विचारावं.